पान पिवळं पडलं म्हणून लगेच एप्सम सॉल्ट नको

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. त्याचा मजकूर साधारण असा: "घरातल्या झाडाचं पान पिवळं पडलं म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे. दर आठवड्याला लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट विरघळवून घाला. फरक पडला नाही तर लोह कमी आहे, कुंडीत गंजलेला खिळा खोचा. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं, नायट्रोजनसाठी चहाचा चोथा. आठ दिवसांत तेच पान हिरवं होईल." हे उपाय एकामागून एक केले की बरं होण्याजोगं झाडही हातचं जातं, म्हणून एकेक दावा तपासू.

"पिवळं पान म्हणजे मॅग्नेशियम कमी"

नुसत्या पिवळेपणावरून काहीच ठरत नाही. कुठलं पान आणि पानाचा कुठला भाग, हे आधी बघायचं. नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत हलतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, त्यामुळे लक्षण खालच्या पानांवर दिसतं. खालची पानं शिरांसकट सारखी फिकट झाली तर नायट्रोजन. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. कडा करपल्या तर पोटॅशियम, पण कडा कुंडीत क्षार साठल्यानेही करपतात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तिथून फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता कोवळ्या पानांवर उमटते. लोह कमी असेल तर पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते. कॅल्शियम कमी असेल तर नवं पान वेडंवाकडं, आखडलेलं निघतं.

आणि बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. मनी प्लांटचं सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होऊन गळणं हे त्याचं वय झाल्याचं लक्षण आहे. पावसाळ्यात मात्र पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. मे महिन्यात कुंडीला एक दिवसाआड पाणी लागतं. जुलैत ढगाळ हवेत तीच कुंडी आठवडाभर ओली राहते, पण आपल्या हाताची सवय मे महिन्याचीच असते. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि मातीत अन्नद्रव्यं असूनही झाडाला ती घेता येत नाहीत. अशा वेळी खत घालणं म्हणजे दुखण्यावर आणखी भार. बोट दोन इंच आत घालून बघा. ओल लागली तर झाड कुंडीतून अलगद काढा. निरोगी मुळं पांढरट आणि कडक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ असतात आणि ओढल्यावर त्यांची साल सुटून हातात येते. कुजलेली कापून टाका आणि भुसभुशीत, निचऱ्याच्या मिश्रणात झाड पुन्हा लावा. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असेल तर तो बोटांनी हळूच मोकळा करा. बाहेरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं दिसलं तरी आत तो गोळा चिखल झालेला असू शकतो. पानाच्या मागची बाजूही बघाच: बारीक ठिपके आणि जाळं दिसलं तर तो लाल कोळी ही कीड आहे, त्यावर कुठलंही खत चालत नाही.

"आठवड्याला चमचाभर एप्सम सॉल्ट"

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात सुमारे १० टक्के मॅग्नेशियम असतं. सपाट चमचा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. मातीविना शेतीच्या द्रावणात ते लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम ठेवतात. दहापट डोस, तोही दर आठवड्याला! जादा मॅग्नेशियम पोटॅशियम आणि कॅल्शियमची वाट अडवतं, आणि पानं नव्याने बिघडतात.

इथे आपलं पाणी महत्त्वाचं. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी तसं हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. बोअरवेलचं पाणी बेसाल्ट खडकातून झिरपत आलेलं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुधा भरपूर असतं. टँकरचं पाणीही अनेकदा बोअरचंच. त्यात वरून एप्सम घालायची गरज क्वचितच पडते. खरी कमतरता दिसते ती नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेल्या आणि आरओच्या किंवा सॉफ्टनरच्या पाण्यावर वाढवलेल्या झाडात. कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही, आणि सॉफ्टनर तेच दोन काढून त्याजागी सोडियम सोडतं. तिथे लिटरला १ ग्रॅम एप्सम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, एवढंच पुरे. सॉफ्टनरचं पाणी मात्र बंदच करा.

"गंजलेला खिळा"

चुनखडीच्या जमिनीतल्या उसावर केवडा पडतो, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी पडतात, ते असंच. जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्याने ते विरघळत नाही. बोअरचं पाणी वर्षभर घातलेल्या कुंडीतही हेच घडतं. गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह, खिळा खोचून काय साधणार? मातीवर पांढरा थर असेल तर कुंडीच्या मापाच्या दुप्पट नळाचं पाणी हळूहळू ओता, बशीतलं पाणी फेका. मग चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा.

"टरफलं आणि चोथा"

टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अल्कधर्मी मातीत ते जवळपास विरघळतच नाही. दूध-साखरेच्या चहाच्या चोथ्याने बुरशी आणि बारीक माश्या येतात. चोथा धुऊन कंपोस्टात टाका. नायट्रोजन खरंच कमी असेल तर १९:१९:१९ (नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि तेही झाडाला नवी पानं फुटत असताना.

"आठ दिवसांत तेच पान हिरवं"

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान सहसा परत हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते पुढच्या दोन-तीन नव्या पानांवरून कळतं, आणि त्याला तीन-चार आठवडे लागतात. लोहाबाबत मात्र एक लवकर होणारी परीक्षा आहे. कोवळ्या पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला लोहाचं द्रावण ब्रशने लावा, दुसरी बाजू तशीच ठेवा. आठ-दहा दिवसांत लावलेली बाजू हिरवट दिसू लागली तर लोहच कमी होतं. दोन्ही बाजू सारख्याच राहिल्या तर फवारणी थांबवा आणि मुळं पुन्हा बघा.