सरासरी मार्कांची गोष्ट आणि ऊसतोडीचा कोयता

माझा भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे. परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'मामा, वाचा, शंभर टक्के खरंय.' तुमच्याकडेही तो आला असेल, वर्षानुवर्षं फिरतोय. अर्थशास्त्राच्या एका वर्गातली मुलं म्हणतात, समाजात सगळे समान हवेत. प्राध्यापक म्हणतो, ठीक आहे, यापुढे सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढून तीच प्रत्येकाला देऊ. पहिल्या परीक्षेत सगळ्यांना बी ग्रेड. मग हुशार पोरं हात आखडतात, आळशी आधीच निवांत असतात. दुसऱ्या परीक्षेत डी, तिसरीत अख्खा वर्ग नापास. त्याखाली मुद्दे: पाच बोटं सारखी नसतात, समतेचा प्रयोग जगात कुठेच टिकला नाही, कष्ट करतो तो वर येतो, आळशी गरीब राहतो. आणि शेवटी कुणीतरी मराठीत जोडलेली ओळ, 'म्हणून फुकट्यांच्या योजना बंद करा.'

पोराचं वय लहान आहे, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पोरांच्या डोक्यात हे भरणाऱ्यांवर.

आधी ती गोष्ट. तिच्यात प्राध्यापकाचं नाव नाही, कॉलेज नाही, साल नाही. इंग्रजीत फिरताना कधी एखादं विद्यापीठ चिकटवलं गेलं, ओबामा अध्यक्ष झाल्यावर तेही आत आले. याला कुणी प्रयोग म्हणू नये. आणि खरी लबाडी वेगळीच आहे. मार्क हे मोजमाप आहे. दवाखान्यात दहा जणांच्या तापाची सरासरी काढून प्रत्येकाच्या कागदावर लिहिली तर कुणाचाच आजार कळणार नाही, पण म्हणून दहाही जणांना औषध देणं चूक ठरत नाही. समता मागणारा माणूस औषधाबद्दल बोलतोय. गोष्ट लिहिणाऱ्याने मुद्दाम तापाबद्दल लिहिलंय.

पाच बोटांचा मुद्दा. याचं उत्तर बाबासाहेबांनी 1936 सालीच देऊन ठेवलंय. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहिलं, मंडळाला ते झेपलं नाही, परिषदच झाली नाही आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. माणसं सारखी नसतात हे ते आधीच मान्य करून टाकतात. मग फरक कशाने पडतो ते सांगतात. एक, जन्मतः मिळालेलं शरीर. दुसरं, आईबापांनी केलेली जपणूक, शिक्षण, समाजाकडून मिळालेला वारसा. तिसरं, स्वतःचे कष्ट. कष्टांना वाव मिळावा म्हणून फरक करता येईल, असं ते म्हणतात. पण पहिल्या दोन गोष्टींवरून माणसांना असमान वागवलं, तर शर्यतीत जन्म, घराणं, शिक्षण आणि बापजाद्यांचा पैसा असलेलेच पुढे जाणार; ती लायकांची निवड नव्हे, सोय असलेल्यांची निवड. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांना शक्य तितकं समान आणा, यातच समाजाचा फायदा आहे. भाच्याने पाच बोटं पाठवण्याआधी ही पानं वाचायला हवी होती. त्याच्या क्लासची फी आणि लातूरची खोली त्याने स्वतः कमावलेली नाही.

आता तो कष्टाचा मुद्दा, जो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडे जातं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते हंगामभर फेडायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात एक. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. त्याआधी-नंतर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चूल, पाणी, लेकरं तिचीच. दुखणं एक दिवस अंगावर काढता आलं नाही तर खाडा धरतात, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. मजुरी टनावर, हिशेब नवऱ्याच्या नावाने. पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या या खाड्याच्या धास्तीने आणि डॉक्टरांच्या भीती घालण्याने किती बायकांनी ऐन तिशीत गर्भपिशवी काढून टाकली, हे 2019 साली राज्यभर गाजलं. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मार्च-एप्रिलात ही माणसं परत येतात तेव्हा पुष्कळांची उचल फिटलेली नसते आणि उरलेली पुढच्या हंगामाला चिकटते.

कष्ट करणारा वर येतो म्हणता ना? मग कोयत्यावरची बाई आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात श्रीमंत बाई असायला हवी होती. 'आळशी गरीब राहतात' हे वाक्य लिहिणाऱ्याने एक मोळी, फक्त एक, उचलून फळी चढून दाखवावी. उचलली जीभ लावली टाळ्याला!

जगात कुठेच टिकलं नाही, यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. वरून लादलेली समता माणसांना चिरडते. चीनमध्ये 1959 ते 61 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, आणि 1978 साली शियाओगांग गावच्या शेतकऱ्यांनी लपूनछपून सामुदायिक जमीन घरागणिक वाटून घेतली, कारण पोट भरत नव्हतं. पण इस्रायलमधला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीवस्ती, तीही बघा (ती जमीन कुणाची, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे). पहिला देगानिया 1910 चा. एकत्र जेवणघर, पगार नाही, मिळकत सगळ्यांची. 1980 च्या दशकात कर्जात बुडेपर्यंत हे चाललं, पुढे बहुतेकांनी पगारात फरक आणला. जास्त कमावू शकणारे बाहेर पडतात ही अडचण तिथे खरीच होती. म्हणजे संपूर्ण समता सांभाळणं अवघड आहे, मान्य. पण स्वखुशीने एकत्र आलेली माणसं तिसऱ्या परीक्षेला नापास झाली नाहीत, दोन-तीन पिढ्या चालली.

राहिल्या 'फुकट्यांच्या योजना'. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडची माणसं खडी फोडायला गेली, सुकडी म्हणजे वाटपाचा पौष्टिक भरडा आणि लाल मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी खाऊन जगली. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख लोक होते. घाम गाळत होते, मापावर मजुरी घेत होते. त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, तो आजही भाच्याच्या वडिलांच्या पगारातून महिना 200 रुपये कापला जातो. शहराने खेड्यातल्या भुकेचा वाटा उचलायचा, हे महाराष्ट्राने कायद्याने ठरवलं होतं. यात फुकट काय आहे?

भाच्याला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सीट हवी आहे. मिळो, मनापासून मिळो. खासगी कॉलेजची फी त्याच्या घराला झेपणारी नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. सरकारी सीटचा खर्च सगळे मिळून भरतात, तेला-साबणावर कर देणारा कोयताही भरतो. त्या सीटला घरात कुणी फुकट म्हणणार नाही. मग आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहातल्या दोन वेळच्या जेवणाला कोणत्या तोंडाने म्हणायचं?