सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फायली अडकतात

पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरचा (ज्याचा मूळ कोड सगळ्यांना उघडा; वापरायला, बदलायला, वाटायला मोकळा) प्रचार करणं महाकठीण काम आहे, कारण इथे सगळंच सॉफ्टवेअर आधीपासून फुकट आहे. नवा लॅपटॉप घेतला की दुकानदारच विचारतो, "मॅडम, ऑफिस टाकून देऊ ना?" भाजीवर कोथिंबीर टाकून द्यावी तसं. फोटोशॉप हवं असेल तर भाच्याचा कुणीतरी मित्र पेनड्राइव्ह घेऊन येतो. अँटिव्हायरस बंद करायचा, क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, चालवायचा, अँटिव्हायरस परत चालू करायचा. आणि हे सगळं कुठे चालतं, तर पार्किंगच्या रेषेबाहेर स्कूटरचं चाकही जाऊ न देणाऱ्या पापभीरू घरांत. अशा घरी जाऊन "ऑफिसचीच कामं करणाऱ्या लिबरऑफिसला पैसे पडत नाहीत" म्हटलं की समोरचे काका ज्या करुणेने बघतात, ती सोसवत नाही.

म्हणून पैशाचा मुद्दा मी सोडून दिलाय. क्रॅकसोबत घरात काय काय शिरतं, हाही स्वतंत्र विषय आहे. जो प्रोग्रॅम आत घ्यायला राखणदाराला बाहेर काढावं लागतं, त्याच लॅपटॉपवर आपण नेटबँकिंग करतो, एवढं बोलून थांबते.

माझं म्हणणं फायलींबद्दल आहे. आज लिहिलेलं वीस वर्षांनी उघडणार का? आणि उघडायचं तर कुणाचा तरी एक विशिष्ट प्रोग्रॅम तोवर जिवंत असावा लागणार का? हा प्रश्न मराठी माणसाला, त्यातही पुण्यातल्या, पटकन कळायला हवा. कारण आपण यात एकदा पुरते अडकलो आहोत आणि अजून धड सुटलेलो नाही.

मी मुद्रितशोधन करते. सदाशिव-नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्यांकडून येणारे प्रुफांचे गठ्ठे तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्या काळात मराठी फॉन्ट म्हणजे काय प्रकार होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. फॉन्टमध्ये जागा असायची दोनशे-सव्वादोनशे अक्षरांची, तीही मुळात युरोपीय लिपीसाठी आखलेली. प्रत्येक कंपनीने त्या जागांवर देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. अर्धा क एका खणात, वेलांटी दुसऱ्या, रफार तिसऱ्या. एका कंपनीचा क जिथे, तिथे दुसरीचा ठ. कॉम्प्युटरच्या लेखी त्या फायलीत मराठी नव्हतंच; टोप्या आणि शेपट्या लावलेली परकी अक्षरं होती, त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवलेलं. फॉन्ट गेला की सोंग उतरलं.

बरं, फॉन्टही असातसा चालायचा नाही. फॉन्टच्या पॅकेजबरोबर, ते कुणी चोरून वापरू नये म्हणून, कुलपासारखं डोंगल यायचं, काड्यापेटीएवढं. ते कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टाला लावायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या मागे. डोंगल सैल झालं की मराठी बंद. दिवाळी अंकाच्या दिवसांत एका डीटीपीवाल्याकडून दुसऱ्याकडे डोंगल उसनं नेलेलं मी पाहिलंय, तेही रुमालात गुंडाळून.

यावर तोड नव्हती असंही नाही. कुठल्या अक्षराला कॉम्प्युटरमध्ये कोणता क्रमांक, हे देवनागरीसाठी ठरवून देणारं इस्की हे भारतीय मानक १९९१ सालचं. तेच काम जगभरच्या लिप्यांसाठी करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली. (विंडोजच्या जागी चालणारं मुक्त लिनक्ससुद्धा त्याच वर्षीचं. काय वर्ष होतं!) भारतीय भाषांच्या संगणकीकरणावर वर्षानुवर्षं खपलेली सीडॅक ही सरकारी संस्था तर आपल्याच गावात. म्हणजे खुलं मानक होतं, जाणकार होते, आणि तरी पुढची वीस वर्षं पुण्यातली पुस्तकं बंदिस्त सांकेतिक लिपीत जुळवली जात होती.

का? तर बाजाराची गाडी ज्या चाकावर होती ते पेजमेकर, पुस्तकांची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि तिलाही युनिकोड कळत नव्हतं. त्याच्या जागी इनडिझाइन आलं, पण त्यात मराठी जोडाक्षरं सरळ उमटायला २०१२ उजाडलं. तोवर जुने फॉन्ट सोडणार कोण? इथे मायक्रोसॉफ्टला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, मंगल फॉन्ट आला आणि सामान्य माणसाला घरच्या कॉम्प्युटरवर खरं मराठी लिहिता आलं. बंद सॉफ्टवेअर सगळं वाईट असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या वेळी खुल्या मानकाची बाजू एका बंद सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने घेतली आणि त्याचा फायदा आपण सगळे आजवर घेतोय.

बंदिस्त फॉन्टांची किंमत काय पडते ते एका वाचनालयाच्या स्मरणिकेने मला दाखवलं. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, तिच्यात गावातल्या जुन्या जाणत्यांचे लेख, त्यातले बरेचसे आता हयात नाहीत. अमृतमहोत्सवाला त्यातले निवडक लेख परत छापायचे ठरले. सीडी सापडली, तीही चालू. जुळणी करणाऱ्या गृहस्थांनी डोंगलही जपून ठेवलं होतं. पण आताच्या कॉम्प्युटरला ते लावायला भोकच नाही! फॉन्ट बदलून देणाऱ्या एका प्रोग्रॅममधून मजकूर काढला तेव्हा "विचार" चा झाला "िवचार". "कार्य" चं "कायर्", "वर्ष" चं "वषर्". जुन्या फॉन्टात दिसेल त्या क्रमाने तुकडे भरलेले: वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडला हवा उच्चाराचा क्रम. प्रोग्रॅमला हे बरंचसं कळतं, पण जोडाक्षरावर रफार आणि वर अनुस्वार आला की त्याचीही मती गुंग होते. शेवटी छापील अंक समोर ठेवून ओळ न ओळ तपासली. काही लेख तर सरळ पुन्हा टाइप केले. मजकूर आमचा, लेखक आमचे, भाषा आमची, आणि वाचायला एका बंद पडलेल्या पॅकेजची मिनतवारी.

तेव्हापासून कुणी "कोणतं सॉफ्टवेअर चांगलं" असं विचारलं की मी उलट विचारते, "यातून तुमचं सामान बाहेर काढता येतं का?"

याच कारणासाठी लिबरऑफिस मला आवडतं. दिसायला ते वर्डइतकं देखणं नाही, हे मान्य. पण त्याची ओडीटी फाइल म्हणजे गुपचूप काही नाही: २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक, आत साधा मजकूर झिपमध्ये बांधलेला. उद्या लिबरऑफिस नाहीसं झालं तरी कुणीही शहाणा मुलगा तासाभरात त्यातला मजकूर काढून देईल. लिबरऑफिसचा जन्मही याच मुद्द्यावरचा. त्याच्या आधीचं ओपनऑफिस एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेलं, काम करणाऱ्यांना भवितव्य दिसेना, तेव्हा २०१० मध्ये ते मूळ कोड घेऊन बाहेर पडले आणि आपला वेगळा संसार थाटला. वापरणाऱ्यांच्या फायली जशाच्या तशा उघडत राहिल्या. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं तेव्हा कुणाला असं बाहेर पडता आलं? आणि गंमत बघा, पेजमेकरच्या जुन्या फायली आज कोण उघडून बघतं, तर लिबरऑफिसमधला ड्रॉ हा चित्रांचा प्रोग्रॅम. मांडणी बरीचशी दिसते. अक्षरांचं सोंग मात्र तिथेही कायम.

आता व्यवहाराचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६-१७ च्या आसपास घेतलेले, धडधाकट चालणारे लॅपटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बाईंना दुकानदाराने सांगितलं, "काकू, भंगारात जाईल हा, नवीन घ्या." काकूंचा वापर काय? व्हॉट्सॲप वेब, यूट्यूबवर कीर्तनं, ई-पेपर आणि महिला मंडळाची इतिवृत्तं. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी घातली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. काकूंनी तक्रार एकच केली, "माझे पत्ते कुठे गेले गं?" सॉलिटेअर घालून दिल्यावर विषय मिटला. शिकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे धडे मराठीतून आहेत. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. तिथली मुलं काही मागे पडलेली दिसत नाहीत.

सरसकट सगळ्यांनी उद्याच लिनक्सवर या असं मात्र मी म्हणणार नाही. धंद्याचे हिशेब टॅलीवर असतील, सीए टॅलीचाच डेटा मागत असेल, तर मुकाट टॅली विकत घ्या आणि विंडोज ठेवा. डिजिटल सहीचं टोकन सरकारी पोर्टलवर चालवणं लिनक्सवर अजूनही डोकेदुखी आहे. एक्सेलचे मॅक्रो (एका कळीवर काम उरकणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये निम्मे चालतात, निम्मे रुसतात. आणि झेरॉक्सच्या दुकानापासून घराघरांत असलेला तो छोटा लेझर प्रिंटर, त्याने माझे दोन रविवार खाल्ले आहेत.

प्रकाशकाकडून वर्डची फाइल आली आणि लिबरऑफिसमध्ये पानं सरकली, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा दोष लिबरऑफिसचा नसतो. फाइल मंगलमध्ये असते, लिनक्सवर मंगल नसतो, मग दुसरा फॉन्ट लागतो आणि ओळी हलतात. यावर माझा तोडगा सोपा आहे: दोन्हीकडे चालणारा खुला फॉन्ट वापरायचा. मुक्ता आहे, नोटो आहे. टिरो देवनागरी मराठी तर आपल्यासाठीच केलेला, त्यातले ल आणि श मराठी वळणाचे. मंगलचा तो हिंदी ल बघून ज्यांच्या डोळ्यांत खुपतं त्यांनी एकदा हा बघाच. हे फॉन्ट कुणालाही वाटता येतात, छापता येतात, सुधारता येतात. डोंगलला रुमालात गुंडाळणाऱ्या पिढीला यातली श्रीमंती लगेच कळेल.

"आम्ही ते ओपन सोर्स वगैरे वापरत नाही" म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. ही पोस्ट अँड्रॉइडवर वाचत असाल तर खाली लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, आणि यातली जोडाक्षरं जोडणारं हार्फबझ हेही मुक्त सॉफ्टवेअर. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळ्यांत तेच. देवनागरीचा लोहित हा खुला फॉन्ट लिनक्सचा धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीने दिलेला, आणि रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यातच आहे. म्हणजे या गावातली पोरं दिवसभर जगाला मुक्त सॉफ्टवेअर करून देतात आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या लॅपटॉपवर क्रॅक मारून देतात. चालायचंच.

खुलं म्हणजे सुरक्षित, असंही छातीठोकपणे सांगू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकसून ठेवणाऱ्या छोट्या साधनात चोरदरवाजा सापडला. ते साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत, आणि सांभाळणारा एक थकलेला स्वयंसेवक. टोपणनावाने आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास कमावला आणि मग दरवाजा बसवला. तो सापडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला, कारण सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. हा माणूस मायक्रोसॉफ्टचा नोकर! कोड उघडा होता म्हणून त्याला खोदत आत जाता आलं. पण साधन सांभाळणारा तो स्वयंसेवक थकला होता तेव्हा आपण सगळे कुठे होतो, हेही विचारायला हवं. लिबरऑफिस डाउनलोड करताना देणगीचं पान समोर येतं, ते आपण सराईतपणे बंद करतो. मी वर्षातून एकदा देते, दिवाळी अंक घेते त्याच सुमारास. क्रॅकवाल्या पोराच्या हातावर चहापाण्याचे ठेवतो, तेवढे तरी तिकडे जाऊ द्यात.

आता काम सांगते. ज्यांच्या घरी, मंडळात, वाचनालयात २००० सालच्या आसपासच्या मराठी फायली आहेत त्यांनी सीडी या महिन्यात बाहेर काढा. त्या कायम टिकत नाहीत. जुना कॉम्प्युटर चालत असेल तर तो विकण्याआधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, म्हणजे निदान चित्र तरी राहील. फॉन्टची फाइल आणि तिचं नाव जवळच लिहून ठेवा, कारण फॉन्ट कोणता ते कळलं तरच मजकूर बदलता येतो. छापील प्रत टाकू नका. डोंगल असेल तर तेही ठेवा, आणि त्याला लागणारा जुना सीपीयू माळ्यावर असेल तर मुलांना सांगून ठेवा की हा भंगारवाल्याला द्यायचा नाही. फॉन्टचं नाव मला कळवलंत तर जमेल तेवढी मदत करीन. प्रिंटरबद्दल विचारू नका.