परदेशातून पार्सल येतंय? मग हे फुकटचे सल्ले घ्याच

ताईने अमेरिकेतून बॉक्स पाठवलाय? अभिनंदन! आता महिनाभर दुसरा टाइमपास शोधू नका. मी परवाच यातून सुटलोय, म्हणून सांगतो.

राखी आणि भेट एकाच बॉक्समध्ये अजिबात घालू देऊ नका. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून कस्टम ड्युटीशिवाय दोनच गोष्टी येतात, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी हां, नियमात चक्क कंसात लिहिलंय की राखीसोबतची भेट धरायची नाही. तो कंस टाकणाऱ्याला सख्खी बहीण नसावी.

बॉक्सवर 'गिफ्ट, नो व्हॅल्यू' जरूर लिहायला सांगा, कस्टमवाले वाचून लगेच विरघळतात.

कुरियर कंपनीकडून केवायसीची, म्हणजे ओळखपत्र मागणारी लिंक आली की नारळ फोडून बसा. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर हव्यात, पीडीएफच हवी, आणि साइज इतकी कमी हवी की फोटोतले तुम्ही तुम्हालाच ओळखू येणार नाही. ताईने पत्त्यावर लाडाने 'बाळू' लिहिलेलं आणि आधारवर वडिलांच्या नावासकट आख्खं नाव, झालं, रिजेक्ट! मग ऑथॉरिटी लेटर द्या, की बाळू आणि मी एकच. दिलं. चार दिवसांनी मेल, 'केवायसी पेंडिंग'. परत दिलं. परत तोच मेल, आणि फोन लावला तर बाई म्हणते सर तुमचं पार्सल क्लिअरन्समध्ये आहे, अहो ते मला ट्रॅकिंगवर पंधरा दिवस दिसतंय, अडकलंय कशात ते सांगा ना!

बिल जपून ठेवा. ताईने सेलमध्ये घेतलेला गुडघ्याचा पट्टा, बिल कचऱ्यात, मग ड्युटीसाठी वेबसाइटवरची पूर्ण किंमत धरली.

ड्युटी भरलीच पाहिजे, कायदा आहे, सरकारशी माझं भांडण नाही. पण ड्युटी अकराशे आणि ती 'तुमच्या वतीने भरल्याबद्दल' कुरियरची फी नऊशे? वर त्या फीवर अठरा टक्के जीएसटी? वर गोडाऊनचं भाडं? अरे, तीनदा आधार घेऊन तुम्हीच हरवलंत, बॉक्स तुमच्यामुळे पडून राहिला आणि भाडं मी भरायचं? घरात सत्तरीचा माणूस त्या पट्ट्यावाचून भिंत धरून संडासला जातोय आणि तुम्ही मला 'आपला अनुभव कसा वाटला, पाच तारे द्या' असा मेसेज पाठवता? लाज वाटते का जरा तरी? तारे राहू देत, फोन उचलायला एक माणूस बसवा, ज्याला फाइल उघडून वाचता येते.