टर्की, कलश आणि आई-बाबा

आई-बाबांना अमेरिकेत बोलवायचंच असेल, तर नोव्हेंबरात बोलवा. मे-जूनमध्ये सगळेच बोलावतात, नायगारा दाखवतात आणि खुशीत परत पाठवतात. त्यात तुमचं कर्तृत्व ते काय? न्यू जर्सीत नोव्हेंबरअखेर पाचच्या आत काळोख होतो, आणि भारताशी साडेदहा तासांचा फरक असतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे टर्की नावाचा मोठा पक्षी भाजून आभार मानायच्या अमेरिकन सणाच्या, आधीच्या मंगळवारी त्यांना विमानतळावरून आणा आणि गाडीतच सांगून टाका, "गुरुवारी ऑफिसची मंडळी जेवायला येतायत. आई, तू मात्र कशाला हात लावायचा नाहीस हं!" एवढं ऐकल्यावर बुधवारी पहाटे तीनला तुमच्या स्वयंपाकघरात पुरण शिजत असेल. जेट लॅग असा सत्कारणी लावायचा असतो.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. अमेरिकन काँग्रेसने 1941 साली तसा कायदाच केला, आणि तो करताना पंचांग बघायचं कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे 2022 साली आणि पुन्हा 2025 साली मार्गशीर्षातला पहिला गुरुवार नेमका त्याच दिवशी आला. महालक्ष्मीचा उपास, घट, पोथी, संध्याकाळी गोडाचा नैवेद्य आणि महिनाभर घरात सामिष बंद. तुमच्याही भिंतीवर कालनिर्णय आहे, पण ते शोभेचं. उघडून बघू नका.

पंधरा पौंडांची गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये सैल व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे आई-बाबा पोचतील तेव्हा ती खालच्या कप्प्यात ऐसपैस पहुडलेली असेल. आईने विचारलंच तर "कोंबडीच गं, जरा अंगाने भरलेली," असं सांगा. आई काही बोलणार नाही. नैवेद्याचं दूध आणि विरजण उचलून ती मागच्या अंगणातल्या खुर्चीवर नेऊन ठेवेल. बाहेर तशीही फ्रीजइतकीच थंडी असते.

घटावर पाच पानं लागतात. झाडं तर बोडकी झालेली. विड्याची आणि आंब्याची पानं देशी दुकानात मिळतात हे बाबांना मुळीच सांगू नका. ते कानटोपी घालून निघतील आणि शेजाऱ्याच्या सदाहरित कुंपणाची निवडक पानं, देठासकट, एकेक निरखून खुडतील. शेजारी खिडकीत दिसला की तुम्ही लांबूनच हात हलवा.

ओव्हन गुरुवारी सकाळीच रिकामा करायला घ्या. आत दोन कढया, तीन तवे आणि वर्षभर हरवलेलं प्लास्टिकचं झाकण सापडेल. टर्की भाजायला साडेतीन-चार तास लागतात. आतलं तापमान 165 फॅरनहाइट झालं की झालं. त्यासाठी मिळणारा थर्मामीटर तुम्हाला दुकानातच घ्यायचा होता. मधल्या वेळेत आई कटाच्या आमटीला फोडणी देईल आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागेल. ज्या बाबांच्या सहीशिवाय तीस वर्षं बँकेत कर्जं अडून राहत होती, त्यांना स्टुलावर चढवून हातात टॉवेल द्या. वारा घालण्याच्या कामाला अनुभवी माणूस हवा.

पाहुणे पाचला येतात, पोथीही पाचलाच सुरू होते. पोथी बेडरूममध्ये, फुटबॉल हॉलमध्ये. भद्रश्रवा राजाची कथा ऐन रंगात असताना टचडाउन झाला, तर ओरडायला संकोचू नका; देवीला उत्साही घर आवडतं. जेवणात टर्की कोरडी पडेल आणि पुरणपोळ्या संपतील. कौतुक सुरू झालं की नम्रपणे म्हणा, "आमच्या घराण्याची रेसिपी आहे." बायकोने डोळे वटारले तर "घराण्याची म्हणजे दोघांच्या" अशी दुरुस्ती करा.

मग आभाराची फेरी. टेबलावरच्या प्रत्येकाने मन मोकळं करायचं असतं. तुम्ही मॅनेजरचे, टीमचे, ग्रीन कार्डाच्या वकिलाचे आणि गृहकर्ज देणाऱ्यांचे आभार माना. आईचं नाव घ्यायची गरज नाही. ती गॅसपाशी नव्या पोळ्या लाटतेय आणि वरचा पंखा चालू असल्याने तिला काहीच ऐकू येत नाहीये.

रात्री अकराला भांडी आवरून झाली, की दोघांनाही गरम कपडे काढून ठेवायला सांगा. पहाटे ब्लॅक फ्रायडे, म्हणजे सवलतींचा मोठा सेल आहे. स्वस्तातल्या टीव्हीवर "एका ग्राहकाला एकच" अशी पाटी असते, तेव्हा आईला एका रांगेत लावा, बाबांना दुसऱ्या. तिकिटाचे पैसे वसूल करायची संधी पुन्हा वर्षभर येत नाही.