कोंबडी आधी की पाहुणी?

गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर जिवंत कोंबडी आणि समोर टाळ्या वाजवणारं अख्खं गाव, अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे बीएडला शिकवत नाहीत.

मी सांगलीजवळच्या एका हायस्कुलात 32 वर्षं गणित शिकवून रिटायर झाले. त्यानंतर घरी बसून मी आणि हे एकमेकांच्या चुका काढत होतो. त्यातही दर वेळी मीच जिंकायची, मग त्यात काय मजा? म्हणून एका संस्थेमार्फत वर्षभर मलावीत शिकवायला जायचं ठरवलं. निम्म्या नातेवाइकांनी "मालदीव? मजा आहे बाई!" म्हणून घेतलं. उरलेल्यांनी नकाशात शोधलं आणि मग काहीच बोलले नाहीत.

माझं गाव देद्झा जिल्ह्यात, राजधानी लिलाँग्वेच्या दक्षिणेला, मोझांबिकच्या सरहद्दीजवळ. आफ्रिका म्हणजे उकाडा, या भरवशावर मी सगळ्या सुती साड्या नेल्या होत्या. देद्झा आहे डोंगरावर. ऑगस्टमधल्या पहिल्याच रात्री मी त्यातल्या तीन साड्या पांघरून झोपले.

पहाटे कोणीतरी दारातून हाक दिली, "ओदी!" तिथे कडी वाजवत नाहीत, "ओदी" म्हणतात. दार उघडलं तर शेजारच्या बाई. म्हणाल्या, "म्वाद्झुका ब्वान्जी?" म्हणजे 'कशा उठलात?' यावर 'न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?' म्हणायचं: मी बरी उठले, आणि तुम्ही? हे 'काया इनू' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या कायेची चौकशी चालली आहे. साठीला टेकलेल्या बाईच्या कायेबद्दल कोणी विचारलं की ती सविस्तरच सांगणार. मी गुडघ्यापासून सुरुवात केली.

हा नमस्कार उरकायचा नसतो. थांबायचं, उजवा हात पुढे करायचा, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायचं, जरा वाकायचं, ते 'कशा उठलात' विचारणार, तुम्ही सांगणार, तुम्ही विचारणार, ते सांगणार. दुपारनंतर 'म्वास्वेरा ब्वान्जी', म्हणजे दिवस कसा गेला. घर ते शाळा दहा मिनिटांची वाट. पहिल्या आठवड्यात मला पाऊण तास लागला, कारण वाटेवर हातपंप होता आणि हातपंपावर बायका होत्या. एकीला टाळून पुढे जायचं म्हणजे आपल्याकडे हळदीकुंकवाला एकीला सोडून बाकीच्यांना कुंकू लावण्यासारखं.

मलावीत 1994 पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. त्याचा अर्थ मला सहावीच्या वर्गात शिरल्यावर कळला. बाकं संपली होती, फरशी संपली होती आणि खिडकीच्या कट्ट्यावरही दोन पोरं बसली होती. हजेरीत तीन मेमरी, दोन गिफ्ट आणि एक मावुतो. 'मावुतो' म्हणजे संकटं. एवढ्या गोड पोराचं नाव संकटं! आपल्याकडची धोंडू-दगडू मंडळी आठवली आणि मी गप्प बसले. मेमरींपैकी एकीला पाढे आठवत नव्हते, पण तो विनोद मी ज्यांना सांगावा अशी माणसं तीन देशांपलीकडे होती.

स्थानिक भाषा म्हणजे चिचेवा. गणिताच्या बाईने निदान आकडे तरी शिकावेत, म्हणून वही काढली. पाचपर्यंत सुरळीत. मग सहा म्हणजे 'पाच आणि एक'. नऊ म्हणजे 'पाच आणि चार'. मला फार आवडलं, जणू हाताची बोटं बोलतायत. मोठ्या उत्साहाने मी फळ्यावर 99 लिहून वाचायला घेतले: "मकुमी असानु न्दी अनायी, म्फाम्बु झिसानु न्दी झिनायी." पाच आणि चार दहा, वर पाच आणि चार. मी श्वास घेईपर्यंत सगळा वर्ग ओरडला, "नाइन्टीनाइन!" इंग्रजीत म्हणणं सगळ्यांनाच सोपं पडतं. मग मी सूड म्हणून त्यांना मराठीतले एकोणऐंशी, एकोणनव्वद आणि नव्व्याण्णव म्हणायला लावले. एकमेकांकडे बघत ती पोरं जे हसली, त्यात माझी 32 वर्षांची नोकरी वाहून गेली.

तर कोंबडी. माझ्या स्वागताला शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. हेडमास्तर भाषणात म्हणाले, "आमच्यात म्हण आहे, 'म्लेन्दो अमाद्झा न्दी कालुमो काकुथ्वा.' पाहुणा येतो तो धारदार पातं घेऊन." म्हणजे घरच्यांना न सुटणारी गाठ बाहेरून आलेला माणूस सोडवतो. मी कृतार्थ होऊन मान हलवतेय, तोच माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी, पाय बांधलेली एक तांबूस कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. टाळ्या. म्हण ताजी होती, कोंबडीही ताजी होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या पर्समध्ये धारदार म्हणावं असं फक्त नेलकटर होतं.

आता ही कोंबडी साधी नव्हे. तिथल्या घरात कोंबडी म्हणजे बँकेचं पासबुक. पोराला वही हवी, साबण संपला, कोणी आजारी पडलं, की एक कोंबडी बाजारात जाते. तरी पाहुण्यासाठी तीच कापायची ही रीत. त्या आजीने मला तिचं पासबुक दिलं होतं. ते परत करायचं म्हणजे तिचं नाक कापायचं. विकणं त्याहून वाईट. दुसऱ्याला देणं तर विचारूच नका, गावात कोणाच्या दारात कोणाची कोंबडी आहे हे सगळ्यांना पाठ. आणि खायची म्हणाल तर माळ.

रात्री यांना फोन केला.

"अहो, मला कोंबडी दिलीय."

"मग?"

"मग काय मग? जिवंत आहे."

"अगं, मग प्रश्न कुठे आहे? राहू दे जिवंत."

या माणसाचं आयुष्यभर असंच.

ती राहिली. मी तिचं नाव शकू ठेवलं. शकू दिवसभर अंगणात उकरायची आणि रात्री माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या बादलीवर बसायची. नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला. संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे, म्हणजे 'न्गुम्बी'चे, थवे आले. पोरांनी दिव्याखाली पाण्याची परात ठेवून ते पकडले, मीठ टाकून भाजले आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी माळ दाखवली. शकूला माळ नव्हती. ती तासभर जेवत होती.

माझ्या जेवणाचं म्हणाल तर तक्रार नाही. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची उकड, फक्त तिच्यात ताक, मिरची आणि लसूण घालायला कोणीतरी विसरलंय. पण सोबतची भाजी! भोपळ्याची कोवळी पानं, टोमॅटो आणि वर मूठभर शेंगदाण्याचं कूट. ते कूट बायका उखळात कुटतात, कुटाचं नाव 'न्सिन्जिरो'. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, तिखट लागलं. त्यात तिखट औषधालाही नव्हतं.

एव्हाना गावाला शकूची काळजी लागली होती. नमस्कारात तिची भर पडली. कशा उठलात, मी बरी, तुम्ही कशा, मी बरी, आणि न्खुकू? न्खुकू म्हणजे कोंबडी. "न्खुकूही बरी आहे" म्हटलं की समोरची बाई किंचित निराश व्हायची. शाळेला जायला आता पन्नास मिनिटं लागायची.

डिसेंबरात एका रविवारी दारात "ओदी!" ऐकू आलं. तीच आजी, सोबत नात. माझ्या पोटात गोळा आला. आता पाहुणी ती आणि घरची मी, म्हणजे रीतीप्रमाणे कोंबडी मी करायची! मी घाईघाईने लिलाँग्वेच्या दुकानातून आणलेलं बेसन काढलं आणि पिठलं टाकलं. आजीने न्सिमाचा गोळा त्यात बुडवला, शांतपणे चाखला, पुन्हा चाखला आणि नातीला काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "आगोगो विचारतात, हे कशाचं आहे?" डाळीचं पीठ, मी सांगितलं. आगोगो म्हणजे आजी, तिने मान हलवली. तेवढ्यात शकू आतून आली आणि थेट आजीच्या पायाशी जाऊन उभी राहिली, फिर्याद घेऊन आल्यासारखी.

आजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि ती नातीला भराभर सांगू लागली. नातीने भाषांतर केलं, "आगोगो म्हणतात, आता कळलं. तुमच्या देशात एकटीला कापत नाहीत."

"नाही, म्हणजे तसं..." मी म्हणाले. पण तसं कसं, हे चिचेवात सांगण्याइतकी माझी वही भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात आली. काखेत कोंबडा. लाल, मानेवर हिरवी झाक, डोळ्यांत माज. मी दोन्ही हातांनी घेतला, वाकले, झिकोमो म्हटलं, आभार मानले.

रात्री टोपली घेतली आणि कोंबडा झाकला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मीच मुलांना 32 वर्षं सांगत आले. पण मला उजाडणं थांबवायचं नव्हतं, फक्त त्याचं तोंड थांबवायचं होतं. साडेतीनला तो टोपलीतून आरवला. मग पावणेचारला. मग चारला, आणि शकूही त्याच्या सुरात सूर मिसळून बोलायला लागली. पाच वाजता मी केस विंचरत होते, तोच कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंचा आवाज आला, "म्वाद्झुका ब्वान्जी?"

कशा उठलात?

मी खिडकीतून एकदा टोपलीकडे बघितलं आणि म्हटलं, "न्दाद्झुका ब्विनो. काया इनू?"