पडला तो जितला

नाकात अजून कापूस आहे, म्हणून आज टाइपच करतोय, बोललो की सगळं गेंगाणं येतं.

रविवारी तालुक्याच्या मंगल कार्यालयात कराटेची स्पर्धा होती. मी ढेरी उतरवायला म्हणून वर्षभरापासून पोरीसोबत क्लासला जातो, सरांनी पस्तिशीवरच्या गटात माझंही नाव टाकून दिलं, फी ८०० रुपये. समोर आमच्याच भागातला लाइनमन. दहाव्या सेकंदाला त्याचा गुद्दा नाकावर आणि मी मॅटवर आडवा. उठून पाहतो तर रेफ्री माझाच हात वर करून रायला. कुमितेत (कराटेतली समोरासमोरची लढत) तोंडावरचा वार आवरता घ्यावा लागतो, जास्त लागला तर मारणारा बाद.

मी खुर्चीत येऊन बसलो तर बाजूला एक धोतरवाले आबाजी. ते लग्नाला आले होते. लग्न पुढच्या रविवारी होतं, पण आता आलोच तं बसतो म्हणून बसले होते, खर्रा चघळत.

"बापू, पडला तं तूच न?"

"हो आबाजी."

"रगतबी तुयंच निंगालं?"

"हो."

"मंग हात तुयाच काहून वर केला?"

"त्यानं जोरात मारलं म्हणून तो हरला."

आबाजींनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. "म्हंजे मारामारीच्या खेळात मारलं का हारते?"

आता माझी इज्जत पणाला लागली होती. म्हटलं, आबाजी, हे गावठी नाही, ऑलिंपिकमध्ये झालंय. २०२१ ला टोकियोत फायनलला सौदीचा हमेदी ४-१ नं पुढं होता, त्याची लाथ इराणच्या गंजजादेहला अशी बसली की तो बेशुद्ध, स्ट्रेचरवरच नेला. हमेदी बाद. इराणवाला शुद्धीवर आला तेव्हा त्याला कळलं की गोल्ड मेडल आपलं.

"त्याले सोनं भेटलं. तुले?"

"कांस्य." (नाक वाहत होतं म्हणून सरांनी पुढच्या फेरीत उतरूच दिलं नाही.)

"कां...?"

"पितळ समजा."

"कापसावानी हाये हे," आबाजी म्हणाले. "माल तोच, भाव यापाऱ्याच्या मनावर. बरं, जेवन किती वाजता हाये?"

जेवण नव्हतंच. सकाळी ९ ला बोलावलेली लेकरं दीड वाजेपर्यंत पांढऱ्या ड्रेसात ओळीनं उभी, का तर पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, कराटेनं संस्कार होतात म्हणाले, गेले. मग एका सात वर्षांच्या पोरीला तिच्या गटात दुसरं कोणीच नाही म्हणून गोल्ड, तिच्या बापानं फोटो स्टेटसला टाकलाही. अशा मेडलची फी भरायला कोणाला सोयाबीन विकायला लावायचं का हो? क्लासच्या भिंतीवर आधुनिक कराटेचे जनक म्हणतात त्या फुनाकोशींचा फोटो आहे, आम्ही रोज त्याला वाकतो. तो म्हातारा कराटेच्या स्पर्धांच्या विरोधात होता. १९५७ च्या एप्रिलमध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याच्याच शिष्यांच्या संघटनेनं पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली, डोळे मिटायचीच वाट पाहत होते जसे. सरांना हे सांगितलं तर म्हणे, तुम्ही गूगल कमी करा आणि स्ट्रेचिंग वाढवा.

आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकला गेली होती ती खेळ दाखवायला, मेडल आणायला नाही, आणि त्यांचं नाव आजही निघतं. हे मी घरी जेवताना जोरात म्हणत होतो (नाकामुळं फारसं जोरात नाही). पण आमची पोरगी, जी त्याच दिवशी हरून रडत आली होती, ती आतल्या खोलीत आरशासमोर तीच एक लाथ मारत होती, शंभरेक वेळा तरी. दार वाजत होतं. त्यामुळं मला धड विरोधही करता येत नाही, आणि दिवाळीनंतरच्या स्पर्धेचा फॉर्म ती घेऊनही आली आहे, फी हजार.

बायको म्हणते, तुम्ही पण भरा, पडायचं तर तुम्हाला जमतेच.

परवापासून आमच्या गल्लीची लाइन गेली आहे. लाइनमनला तीनदा फोन केला. दरवेळी तो एवढंच विचारतो, "भाऊ, नाक कसं हाये?"