42 मात्रांची सम

भाच्याच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला निघालो तेव्हा ताईने माझ्या हाती अर्धा किलो बाकरवडीची पिशवी दिली नसती, तर पुढचा अनर्थ निम्म्याने टळला असता. भाचा मुंढव्याला तीन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो; चौघे मिळून वाजवतात आणि ताईच्या ठाम समजुतीप्रमाणे चौघे मिळून उपाशीही राहतात. संध्याकाळी सदाशिव पेठेतून मुंढव्याला पोहोचणे हा स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने तो येथे सोडून देतो.

आपण जे वाजवतो त्याला ‘इमो’ म्हणतात, हे त्याने मला फोनवर आधीच समजावले होते. 1980च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टनमधल्या पंक, म्हणजे वेगवान आणि कर्कश रॉक, वाजवणाऱ्या काही मुलांनी स्वतःच्या मनातली कालवाकालव ओरडून सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याला ‘इमोशनल हार्डकोअर’ असे नाव पडले आणि त्याचेच पुढे ‘इमो’ झाले. हे लोण 1990च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या कॉलेजांत पोहोचले, तेव्हा तिथल्या काही मुलांनी ओरडणे सोडून ती सगळी कालवाकालव गिटारच्या तारांवर सोपवली. भाच्याचे दैवत म्हणजे त्यांपैकीच इलिनॉयमधला ‘अमेरिकन फुटबॉल’ हा बँड, ज्याचा त्या खेळाशी काडीचाही संबंध नाही. त्यांनी 1999 मध्ये एक अल्बम काढला, 2000 मध्ये बँड मोडला आणि 2014 मध्ये ते पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात तो अल्बम हळव्या मुलांनी एकमेकांना ऐकवून ऐकवून डोक्यावर घेतला होता. त्याच्या मुखपृष्ठावर अर्बाना गावातले एक साधे पांढरे घर आहे आणि खिडकीत उजेड आहे, बाकी काही नाही. तरीही त्या घरासमोर फोटो काढायला लोक येतात, आणि 2023 मध्ये तर बँडने इतरांच्या साथीने ते घर विकतच घेतले. (आमचा वाडा पाडला तेव्हा एकाही गायकाला पाझर फुटला नाही. अर्थात आमच्या खिडकीत उजेड नसे, वाळत घातलेले पंचे असत.)

सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत होत असे तेव्हापासून मी तिथे भारतीय बैठकीवर बसत आलो आहे, त्यामुळे लांबलेल्या संगीताची मला भीती नाही. पण तिथे बसायला तरी मिळते. इथे खुर्ची नावाची वस्तूच नव्हती. शंभरेक मुले-मुली हाताची घडी घालून, आपल्याच बुटांकडे पाहत उभी होती, आणि फरशीवर बियर सांडलेली असल्यामुळे बाकरवडी खाली ठेवण्याचीही सोय नव्हती.

मग गिटार जुळवणे सुरू झाले. या मंडळींना नेहमीचे सूर चालत नाहीत. सहापैकी तीन तारा थोड्या वर-खाली केल्या की त्यांचे लाडके जुळवणे तयार होते, आणि पुढच्या गाण्याला ते पुन्हा बदलावे लागते. तंबोरा जुळवायलाही वेळ लागतो, पण तो जुळताना ऐकू येतो आणि त्यातही एक आनंद असतो. इथे पायाजवळच्या डबीतला, सूर जुळल्याचे सांगणारा हिरवा दिवा लागेपर्यंत सगळे निःशब्द. त्या शांततेत माझ्या हातातली पिशवी करकरली आणि पुढच्या रांगेतली सात-आठ डोकी वळली.

गाणे सुरू झाल्यावर तरी सुटका होईल असे वाटले होते, परंतु ते गाणे जुळवण्यापेक्षा जेमतेम दोन बोटे मोठे होते. कानात घालायला कापूस ने, असे शेजाऱ्यांनी सुचवले होते. तो पिशवीला गुंडाळला असता तर सत्कारणी लागला असता. मी गुडघा वाकवला की तो वाजे. कुणीतरी ग्लासात बर्फ टाकला तर तो ड्रमपेक्षा ठळक ऐकू येई. पुणेकर माणसाला दीड तास मत न मांडता उभे करणे हीच मुळात शिक्षा, त्यात त्याला श्वासही जपून घ्यायला लावायचा म्हणजे फार झाले.

तिसऱ्या गाण्यात मात्र मला मार्ग सापडला. भाच्याची गिटार सहा-सहा मात्रांची आवर्तने घेत होती आणि दुसऱ्या मुलाची सात-सात मात्रांची. रूपक ऐकलेल्या माणसाला सात मात्रा नव्या नाहीत, पण सहा आणि सात शेजारी ठेवले तर दोघांची गाठ थेट 42 मात्रांनंतर पडते. हे लक्षात येताच मी उत्साहाने बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा ट्रंपेटवाल्याने घोटाळा केला, तिसऱ्यांदा मात्र बरोबर 42 मात्रा भरल्या आणि सम अशी काही सुंदर आली की, अर्ध्या शतकाच्या सवयीने, मी हात उंचावून, पिशवीसकट, “वा! क्या बात है!” अशी खणखणीत दाद दिली.

गाणे नेमके त्याच समेवर थांबले होते. इमोत असे थांबणे हा गाण्याचा शेवट नसून त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो, हे मला नंतर कळले. गायक मुलाने डोळे मिटूनच ठेवले. भाच्याने मात्र उघडले आणि माझ्याकडे असे पाहिले की त्याच्या मुंजीतसुद्धा तो इतका केविलवाणा दिसला नव्हता.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण झाले होते.

“मामा, तुझी ती दाद काढता येत नाहीये. चारही माईकमध्ये आलीय.”

“अरे, पण ती समेवर होती ना?”

“तंतोतंत,” तो जरा नाइलाजाने म्हणाला. “ड्रमवाला म्हणतो, राहू दे. पण त्याआधी पूर्ण गाणंभर काहीतरी करकरतंय, ते सहातही बसत नाही आणि सातातही.”

मी विषय बदलून बाकरवडी संपली का ते विचारले.